विश्लेषण : व्यसन सोडवणारी गोळी सोडायची कशी? पंजाबचा अनुभव काय सांगतो?

‘चिट्टा’ म्हणजेच हेरॉईनच्या विळख्यातून बाहेर पडण्यासाठी पंजाबमध्ये लाखो लोक रोज एक गोळी जिभेखाली ठेवतात. तिच्यामुळे अनेकांची घरे सावरली, नोकऱ्या टिकल्या. पण आता ‘ही गोळी तरी कधी सुटणार’ असा प्रश्न रुग्ण, त्यांचे कुटुंबीय आणि सरकारही विचारू लागले आहे. गोळी थांबवताना नेमके काय होते, तो त्रास सुसह्य कसा करता येतो आणि घाई का जिवावर बेतू शकते, याविषयी...

पंजाबमध्ये नेमके काय सुरू आहे?

पंजाब सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये मोगा, तरणतारण आणि अमृतसर या जिल्ह्यांत बाह्यरुग्ण व्यसनोपचार केंद्रे प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. पुढच्या वर्षी ती राज्यभर पसरली. या केंद्रांत रुग्णाला दाखल करून घेतले जात नाही. त्याने यायचे, नोंदणी करायची, ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलॉक्सोन यांचे मिश्रण असलेली गोळी घ्यायची आणि कामावर जायचे. २०२० च्या टाळेबंदीत हेरॉईनचा पुरवठा आटला, तेव्हा या केंद्रांकडे येणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. गोळ्या घरी नेण्याची मुभाही तेव्हा वाढवण्यात आली.

राज्याचे आरोग्यमंत्री बलबीर सिंग यांनी मार्च २०२३ मध्ये विधानसभेत दिलेल्या माहितीनुसार, सरकारी केंद्रांत सुमारे २.६२ लाख आणि खासगी केंद्रांत सुमारे ६.१२ लाख जणांची नोंद होती. १ मार्च २०२५ पासून राज्यात ‘युद्ध नशियां विरुद्ध’ ही मोहीम सुरू झाली. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने व्यसनमुक्ती केंद्रांसाठी नव्या नियमांना मंजुरी दिली. एका व्यक्तीला किती खासगी केंद्रे चालवता येतील यावर मर्यादा आली आणि गोळ्यांच्या वाटपासाठी बायोमेट्रिक हजेरीची तरतूद झाली. गोळ्या बाहेर विकल्या जाणे आणि केंद्रांची नफेखोरी रोखणे हा त्यामागचा हेतू. या गोंधळात एक प्रश्न मात्र मागे पडतो. जो रुग्ण तीन-चार वर्षे प्रामाणिकपणे गोळी घेत आहे, त्याने पुढे काय करायचे?

ही गोळी काम कशी करते?

अफू, हेरॉईन, ब्राऊन शुगर, मॉर्फीन, ट्रामाडॉल हे सगळे पदार्थ मेंदूतील एकाच प्रकारच्या ग्राहकांवर, म्हणजे ‘ओपिऑइड रिसेप्टर’वर बसतात. वेदना थांबते, सुखाची लाट येते. सततच्या वापराने शरीर त्या पदार्थावर विसंबून राहते. तो मिळाला नाही, की हाडे ठणकणे, नाका-डोळ्यांतून पाणी, जुलाब, अंगावर काटा, तळमळ असा त्रास सुरू होतो. मुंबई-पुण्याच्या व्यसनी मुलांच्या भाषेत यालाच ‘टर्की’ म्हणतात.

ब्युप्रेनॉर्फिन त्याच ग्राहकांवर बसते, पण त्यांना अर्धवटच चालना देते. त्यामुळे टर्की थांबते, ओढ कमी होते, पण हेरॉईनसारखी नशा चढत नाही. एका मर्यादेनंतर मात्रा वाढवली तरी परिणाम फारसा वाढत नाही. त्यामुळे श्वास मंदावण्याचा धोका हेरॉईन किंवा मेथाडोनपेक्षा कमी असतो. हे औषध ग्राहकांना घट्ट चिकटून बसते आणि शरीरात दीर्घकाळ टिकते, म्हणून दिवसातून एकदा घेतले तरी भागते. गोळीतील नॅलॉक्सोन जिभेखाली जवळपास शोषले जात नाही. पण कोणी गोळी कुटून सुईने टोचली, तर ते जागे होते आणि टर्की आणते. गैरवापराला आळा बसावा म्हणून ते घातलेले असते.

म्हणजे एक व्यसन जाऊन दुसरे लागले?

हा आक्षेप सर्वाधिक घेतला जातो. त्याचे उत्तर दोन शब्दांतील फरकात आहे. शरीराला एखाद्या औषधाची सवय होणे वेगळे आणि व्यसन वेगळे. रक्तदाबाच्या किंवा फेफऱ्याच्या काही गोळ्या अचानक थांबवल्या तरी शरीर बिघडते, म्हणून त्या रुग्णाला कोणी व्यसनी म्हणत नाही. व्यसनात माणूस पदार्थासाठी घर विकतो, चोरी करतो, धोका दिसत असूनही थांबू शकत नाही. ठरलेली मात्रा घेऊन सकाळी शेतावर किंवा दुकानावर जाणाऱ्या माणसाच्या शरीराला गोळीची सवय आहे, पण त्याचे आयुष्य गोळीभोवती फिरत नाही.

तरीही रुग्णाची तक्रार खोटी नसते. रोज किंवा आठवड्याला केंद्राच्या रांगेत उभे राहणे, गावात ‘गोळीवाला’ म्हणून ओळखले जाणे, लग्नाच्या बोलणीत ही गोष्ट लपवणे, परगावी काम मिळाले तरी गोळीसाठी न जाणे, हे सारे जाचक आहे. गोळी सोडाविशी वाटणे यात काहीही गैर नाही. ती कशी सोडली जाते, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

गोळी थांबवल्यावर काय होते?

हेरॉईन थांबवल्यावर साधारण आठ ते चोवीस तासांत त्रास सुरू होतो, दोन-तीन दिवसांत शिगेला पोहोचतो आणि चार ते दहा दिवसांत ओसरतो. ब्युप्रेनॉर्फिन शरीरातून सावकाश बाहेर पडते. त्यामुळे पहिला दिवस बऱ्याचदा बरा जातो. ‘काहीच होत नाही’ असे वाटत असतानाच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगदुखी, जांभया, घाम, थंडी, पोटात मुरडा, पायांची अस्वस्थ हालचाल आणि झोप उडणे सुरू होते. त्रासाची तीव्रता हेरॉईनपेक्षा सहसा कमी, पण मुक्काम लांब असतो. मुख्य लक्षणे ओसरायला दोन आठवडे किंवा अधिक काळ लागू शकतो. मेथाडोनबाबतही असेच घडते.

त्यानंतरचा टप्पा कमी बोलला जातो. झोप तुटक राहणे, कशातच मन न लागणे, चिडचिड, थकवा आणि मधूनच येणारी तीव्र ओढ हे काही आठवडे, काहींमध्ये काही महिने चालते. अनेक जण घसरतात ते या काळात. शरीर बरे दिसते, घरचे निर्धास्त होतात, पण आतून माणूस पोखरलेला असतो. हा त्रास म्हणजे इच्छाशक्तीचा अभाव नव्हे. वर्षानुवर्षे बाहेरून मिळालेल्या रसायनाशिवाय चालायला मेंदूला वेळ लागतो.

मात्रा कमी कशी करतात?

अचानक बंद करणे हा सर्वात वाईट मार्ग. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा पायरीपायरीने उतरवली जाते आणि प्रत्येक पायरीवर शरीर स्थिरावेपर्यंत थांबले जाते. हे काम आठवड्यांचे नाही, तर महिन्यांचे असते. काहींना वर्षही लागते.

इथे एक गोष्ट रुग्णांना आधी सांगितली जात नाही. उतरणीचा शेवटचा भाग सर्वात कठीण असतो. १६ मिलिग्रॅमवरून १२ वर आल्याचे शरीराला फारसे जाणवत नाही, कारण तेवढ्या मात्रेतही मेंदूतील बहुतेक ग्राहक व्यापलेले असतात. पण २ मिलिग्रॅमवरून शून्यावर येणे ही मोठी उडी असते. ‘एवढीशीच तर उरली आहे’ म्हणून शेवटची गोळी एकदम सोडणारे इथेच अडखळतात. भारतात २ मिलिग्रॅमबरोबरच ०.४ मिलिग्रॅमची गोळीही मिळते. शेवटच्या टप्प्यात या छोट्या गोळ्यांच्या आधारे लहान पायऱ्या करता येतात.

एखादी पायरी सोसवली नाही, तर आधीच्या मात्रेवर परत जाऊन काही काळ थांबणे ही हार मानली जात नाही. नोकरी गेली, घरात मृत्यू झाला, शस्त्रक्रिया ठरली, अशा काळात मात्रा उतरवणे पुढे ढकललेलेच बरे. गरोदर स्त्रीने तर स्वतःहून औषध थांबवूच नये. टर्कीचा ताण गर्भालाही धोक्याचा असतो, त्यामुळे गरोदरपणात उपचार सुरू ठेवण्याचाच सल्ला दिला जातो.

त्रास सुसह्य करण्यासाठी काय करता येते?

प्रत्येक लक्षणावर स्वतंत्र उपाय असतो. घाम, थरथर, अस्वस्थता यांसाठी डॉक्टर क्लोनिडिनसारखे औषध देतात. पण त्याने रक्तदाब उतरतो, म्हणून ते मनाने घ्यायचे नसते. अंगदुखीसाठी साधी, अफूवर्गीय नसलेली वेदनाशामके, मळमळ आणि जुलाबांसाठी त्या त्या गोळ्या ठरलेल्या मात्रेत दिल्या जातात. उलट्या-जुलाबांत ओआरएस, लिंबूपाणी, ताक, पेज, मऊ भात हे पोटाला झेपणारे आणि शरीरातील पाणी टिकवणारे. गरम पाण्याने आंघोळ केल्यास ठणकणाऱ्या स्नायूंना आराम मिळतो. दिवसा चालणे, ठरलेल्या वेळीच अंथरुणावर जाणे, दुपारनंतर चहा टाळणे या साध्या गोष्टींचा झोपेला हळूहळू उपयोग होतो. मात्र पहिले काही दिवस झोप लागणारच नाही, हे आधीच धरून चालल्यास घबराट कमी होते.

काय करू नये, याची यादी अधिक महत्त्वाची आहे. झोपेसाठी दारू किंवा उसन्या झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत. अल्प्राझोलामसारखी औषधे अफूवर्गीय औषधांबरोबर घेतल्यास श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो. अंगदुखीवर ट्रामाडॉल किंवा खोकल्यावर कोडीनयुक्त सिरप घेणे म्हणजे मागच्या दाराने पुन्हा तिथेच जाणे. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणले गेले, ते त्याच्या व्यसनकारकतेमुळेच. घटक न छापलेल्या पुड्या आणि ‘सात दिवसांत नशा सोडवा’ छापाच्या जाहिरातींपासून दूर राहावे.

ओढ रोखण्यासाठी दिले जाणारे नॅलट्रेक्सोन हे औषधही वेळेआधी घेतले, तर तीव्र टर्की आणते. ब्युप्रेनॉर्फिनच्या शेवटच्या मात्रेनंतर साधारण एक ते दोन आठवडे उलटल्यावरच ते सुरू केले जाते. सतत उलट्या होऊन लघवी कमी होणे, छातीत दुखणे, भ्रम होणे किंवा जीव द्यावासा वाटणे, अशा वेळी घरगुती उपायांत न रमता रुग्णालय गाठावे.

सर्वात मोठा धोका कोणता?

टर्की असह्य असते, पण तिच्यामुळे सहसा मृत्यू होत नाही. मृत्यू होतो तो त्यानंतर. औषध थांबल्यावर काही आठवड्यांत शरीराची सहनशक्ती उतरते. अशा वेळी एखाद्या कमजोर क्षणी माणूस हेरॉईनची पूर्वीचीच मात्रा घेतो आणि तीच आता त्याच्यासाठी प्राणघातक ठरते. श्वास मंदावतो, ओठ निळसर पडतात, हाक मारली तरी माणूस उठत नाही.

‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात हे आकड्यांत दिसते. ब्युप्रेनॉर्फिन घेत असताना दर हजार रुग्णांमागे वर्षाला सुमारे ४.३ मृत्यू होते, तर उपचारांबाहेर पडल्यावर ९.५. मेथाडोनबाबत हेच आकडे ११.३ आणि ३६.१ होते. मेथाडोन थांबल्यानंतरचे पहिले चार आठवडे विशेष जोखमीचे आढळले.

म्हणून गोळी सोडणाऱ्याच्या घरात ही लक्षणे सर्वांना ठाऊक असायला हवीत. असे दिसल्यास १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी, माणसाला कुशीवर वळवून ठेवावे, एकटे सोडू नये आणि त्याने काय घेतले हे डॉक्टरांपासून लपवू नये. रुग्णालयात नॅलॉक्सोनचे इंजेक्शन वेळेत मिळाले तर जीव वाचतो.

मग गोळी थांबवावी की नाही?

पुरावे घाईच्या विरोधात आहेत. स्वीडनमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हेरॉईनच्या ४० रुग्णांचे दोन गट केले गेले. समुपदेशन दोघांनाही मिळाले. एका गटाचे ब्युप्रेनॉर्फिन वर्षभर सुरू ठेवले, दुसऱ्याचे सहा दिवसांत उतरवून बंद केले. वर्षअखेर पहिल्या गटातील ७५ टक्के उपचारांत टिकले. दुसऱ्या गटातील एकही टिकला नाही आणि त्यातील चौघांचा मृत्यू झाला. अमेरिकेत वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेलेल्या ६५३ जणांवरील अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध सुरू असताना बारा आठवड्यांच्या अखेरीस सुमारे निम्म्या रुग्णांची प्रगती चांगली होती. औषध उतरवून थांबवल्यानंतर आठ आठवड्यांनी हे प्रमाण नऊ टक्क्यांच्याही खाली आले.

याचा अर्थ कोणीच गोळी सोडू शकत नाही असा नाही. दीर्घकाळ स्थिर असलेले, हाताला काम आणि डोक्यावर छप्पर असलेले, घरचा आधार असलेले आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या इच्छेने, सावकाश सोडणारे यशस्वी होतात. पण सासरचे म्हणतात, गावात चर्चा होते किंवा केंद्रात साठा संपला म्हणून सोडलेली गोळी बहुतेकदा माणसाला चिट्ट्याकडे परत नेते. औषध किती काळ घ्यावे याची ठरावीक मुदत वैद्यकशास्त्रात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन यांना २००५ मध्येच अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले, ते याच दीर्घकालीन उपचारासाठी.

महाराष्ट्राचा संबंध काय?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, देशात सुमारे २.२६ कोटी लोक अफूवर्गीय पदार्थ घेतात. त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे. प्रमाण ईशान्येकडील राज्ये आणि पंजाबमध्ये मोठे असले, तरी रुग्णांच्या एकूण संख्येत उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा, दिल्लीबरोबर महाराष्ट्राचेही नाव आहे.

मराठी समाजाला व्यसनमुक्तीची ओळख झाली ती ऐंशीच्या दशकातील गर्दच्या लाटेत. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता (सुनंदा) आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण सुरू केले. दाखल होणे, टर्की काढणे, समुपदेशन, गटाचा आधार आणि पूर्ण मुक्ती, हे चित्र तेव्हापासून आपल्या मनात पक्के आहे. त्यात वर्षानुवर्षे गोळी घेणारा रुग्ण बसत नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात सुईने नशा करणाऱ्यांना हे औषध २००८ पासून दिले जाते, मुंबईतही अशी केंद्रे आहेत. तरीही त्याची चर्चा क्वचितच होते. समुपदेशन आणि औषध हे एकमेकांचे पर्याय नाहीत. गोळी सोडणाऱ्याला तर गटाच्या आधाराची गरज अधिकच असते.

कुटुंबाने आणि सरकारने काय करावे?

कुटुंबाने ‘अजून गोळीवरच आहेस?’ हा प्रश्न थांबवला तरी निम्मे ओझे उतरते. झोप लागली का, जेवण गेले का, ओढ येते का, हे विचारणे उपयोगाचे. घसरण झाली तर लपवावे लागू नये, इतके घर मोकळे हवे. कारण लपवलेली घसरण एकट्यात होते आणि एकट्यात घडलेला अतिसेवनाचा प्रसंग वाचवायला कोणी नसते.

सरकारसाठी कसोटी वेगळी आहे. गोळ्यांच्या काळ्या बाजाराला लगाम हवाच. पण हजेरीचे यंत्र बंद पडले, साठा आला नाही, केंद्राचा परवाना गेला, तर त्या दिवशी तिथल्या रुग्णांचे काय, याचे उत्तर नियमांत आधी हवे. रुग्णाला दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात कामासाठी गेल्यावरही औषध मिळायला हवे. ज्याला मात्रा उतरवायची आहे त्याच्यासाठी वेळ देणारा डॉक्टर हवा, आणि जमले नाही तर त्याच केंद्राचे दार पुन्हा उघडे हवे. किती जणांची गोळी बंद झाली यापेक्षा किती जण जिवंत, कामावर आणि घरी आहेत, हा आकडा महत्त्वाचा.

मदतीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४ अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातील साठ्याच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या कोणीही हा मजकूर वाचून मात्रेत परस्पर बदल करू नये. गोळी सोडण्याची पहिली पायरी म्हणजे ज्या डॉक्टरांनी ती दिली, त्यांच्यासमोर बसून ‘मला सोडायची आहे’ असे सांगणे.